डोळ्यातला ठिपका

१

हिंगण्याच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या फिटरला आठवड्यातून एक रविवार मिळतो. धर्मेंद्रने तोही बायकोच्या तोंडावर फ्लॅश मारण्यात घालवायला सुरुवात केली. प्रेमिलाने दोन रविवार सोसलं. तिसऱ्या रविवारी ती गॉगल लावून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काढा आता. पाहू कोणाचे डोळे जाते."

कॅमेरा सेकंडहँड, फ्लॅश त्याहून सेकंडहँड. फ्लॅशचा स्टँड म्हणजे जळलेल्या पंख्याचा दांडा. नवी होती ती एक पांढरी छत्री, आणि तीही पावसात नेण्याच्या कामाची नव्हती. पण खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस पंख्याच्या दांड्यातही स्टुडिओ बघतो, त्याला कोण काय करणार.

खूळ असं की कॅमेऱ्याच्या डोक्यावरून सरळ फ्लॅश मारला तर माणूस भिंतीवर चिकटवलेला दिसतो. तोच फ्लॅश बाजूला नेला, छत्रीतून मारला, की नाक नाकाच्या जागी येतं आणि गाल गालाच्या. आता बाजूला नेलेल्या फ्लॅशला पेटायचं कधी हे कळणार कसं? पैसेवाले त्यासाठी रेडिओने इशारा देणारं यंत्र घेतात. धर्मेंद्रच्या जुन्या फ्लॅशला पुढून एक लाल काच होती, डोळाच म्हणा. कॅमेऱ्यावरचा चिमुकला फ्लॅश लुकलुकला की या डोळ्याला ते दिसायचं आणि हा पेटायचा. तार नाही, रेडिओ नाही. चिमुकल्याचा उजेड तोंडावर येऊ नये म्हणून त्याच्यापुढे संत्रा बर्फीच्या डब्याचा पुठ्ठा आडवा लावला होता. पेटल्यावर मोठा फ्लॅश पुन्हा भरून घेताना बारीक शिट्टी वाजवायचा, कुकर धरतो तशी, पण फार लांबून ऐकू येणारी.

एवढं सगळं करून फोटो काळे यायचे. फ्लॅश डोळ्यांदेखत पेटायचा, आणि फोटोत उजेडाचा पत्ता नाही. शेवटी तो सीताबर्डीवर कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या धम्मानंदकडे गेला. धम्मानंदने एक फोटो पाहिला आणि हसायलाच लागला.

"तुया कॅमेरा दोनदा लुकलुकते गा. पह्यल्यांदा नुसता अंदाज घ्याले, दुसऱ्यांदा खरोखर. अन् तुया फ्लॅश पह्यल्यालेच पेटून मोकळा होते. पंगत बसायच्या आधीच जेवून उठला, मंग वाढपी येऊन काय करन?"

त्याने फ्लॅशच्या पाठीवरचं बटण एकवरून दोनवर सरकवलं. "दोनवर असला की पह्यली लुकलुक सोडून देते, दुसरीले पेटते. एकदाच लुकलुकलं तं चूप बसते. नवशिके सारेच इथं फसते."

मग त्याने धर्मेंद्रचाच फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून डोळा दाखवला. काळ्या बुबुळात छत्रीचा पांढरा ठिपका होता. "हा पाह्य. हा ठिपका आला तं माणूस जिता दिसते. नाही आला तं कितीबी हसू दे त्याले, फोटो मेलेलाच."

धर्मेंद्र बसमध्ये बसला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच फोटो होता, आणि तो त्याने काढलेला नव्हता.

२

त्याच्या आईचा, कुसुमचा फोटो. ती मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा घरात एकही मिळाला नाही. लग्नातल्या फोटोंमध्ये तिचा पदर सापडला, कोपर सापडलं, एका ठिकाणी अर्धा कान. कारण फोटोवाला आला की ती म्हणायची, "आधी त्याइचा काढ, मंग माया." रेशनच्या रांगेत तेच, दवाखान्यात तेच. स्वतःचा नंबर दुसऱ्याला द्यायचा आणि मागे जाऊन उभं राहायचं. वर कुठे काही चांगलं मिळत असलं की गल्लीभर सांगत फिरायचं, म्हणजे रांग आणखी लांब.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तो काढताना धर्मेंद्र तिच्याजवळ उभा होता. माय जन्माची डोळे मिचकावणारी, दोनदा, पटापट, बोलतानासुद्धा. काढणारा पोरगा चारदा ओरडला, "आजी, डोळे नका मिचकावू." पाचव्यांदा तिने घाबरून डोळे फाडले आणि तोच फोटो आला. आता तोच हार घालून भिंतीवर आहे. डोळे उघडे, आणि आत ठिपका नाही. जेवताना धर्मेंद्र त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा. लाज वाटायची त्याला. आपण जवळ उभे होतो आणि त्या पोराला "मिचकावू दे" एवढंही म्हटलं नाही, हे त्याला काही केल्या गिळता येत नव्हतं.

म्हणून त्याने ठरवलं. कुहीच्या पुढे त्याचं गाव. धान घरात आलं की एका रविवारी तिथल्या समाजभवनात छत्री लावायची आणि गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो काढून द्यायचे. हाराचे फोटो. निदान या गावात यापुढे कुणी आधार कार्ड होऊन भिंतीवर जाणार नाही.

"चांगलं आहे," प्रेमिला म्हणाली. "पण त्याइले सांगसान कसं? मरायच्या आधी या म्हणून?"

सांगावं काही लागलं नाही. चौदा जण आले, आणि सगळे नटून.

३

सकाळी दहाला समाजभवनात लग्नघराची गडबड होती. प्रेमिलाने चिठ्ठ्यांवर नंबर लिहून वाटले. उजव्या हाताला सतरंजीवर म्हातारे बसले, समोर एक लाकडी खुर्ची, मागे निळी चादर, डाव्या बाजूला स्टँडवर छत्री आणि फ्लॅश. त्याच्या पलीकडे कोरी भिंत.

पहिला नंबर देवराव पाटलांचा. वय ऐंशी, अंगात लग्नातला कोट.

"कोट कायले घातला, बाबा? गरमी होऊन राहिली," धर्मेंद्र म्हणाला.

"आता होऊन राहिली. मंग नाही होनार," देवराव म्हणाले, आणि सतरंजी खदखदून हसली.

फोटो झाला. धर्मेंद्रने पडदा मोठा केला. दोन्ही डोळ्यांत ठिपके, अगदी गोल. देवराव तरुण दिसत होते असं नाही, पण आत्ता काहीतरी टोमणा मारतील असे दिसत होते. धर्मेंद्रला इतका आनंद झाला की त्याने तो फोटो सगळ्या सतरंजीला फिरवून दाखवला. कॅमेरा गळ्यात, पाठ खुर्चीकडे.

तेवढ्यात मागे ठप्प झालं आणि भिंत पांढरी होऊन गेली. मग ती बारीक शिट्टी.

त्याने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. फ्लॅश भरून घेत होता.

"काहून उगाच मारून राहिले?" प्रेमिला म्हणाली. "सेल संपन."

"मी नाही मारला."

"मंग मी मारला काय?"

जुना माल आहे, पेटला असेल. त्याने दुसऱ्या नंबरला बसवलं, फोटो काढला, सुरेख आला. बाई पदर सावरत उठल्या, सतरंजीवर जाऊन टेकल्या. ठप्प. शिट्टी.

तिसऱ्यानंतर पुन्हा. चौथ्यानंतर पुन्हा. माणूस खुर्चीत असला की फ्लॅश शहाण्यासारखा धर्मेंद्रच्या बोटाची वाट बघायचा. माणूस उठला, खुर्ची रिकामी झाली, की चार-पाच सेकंदांत ठप्प.

म्हाताऱ्यांना मजा वाटली. सतरंजीवरून म्हातारा कवडू म्हणाला, "माणूस गेल्यावर याचं बोट चालते," आणि पुन्हा हशा. धर्मेंद्रही हसला. हसता हसता त्याने फ्लॅशकडे एकदा वळून पाहिलं.

४

फिटर माणूस. मशीन बिघडलं तर घाबरून चालत नाही, एकेक गोष्ट बाजूला काढत जावी लागते.

त्याने सगळ्यांचे मोबाइल गोळा करून प्रेमिलाच्या पिशवीत टाकले. पाचव्या नंबरनंतर ठप्प. खिडक्या लावून घेतल्या, कुठे गाडीच्या आरशावरून ऊन येत असेल म्हणून. सहाव्यानंतर ठप्प. ट्यूबलाइट बंद केली. गावात कुठे वेल्डिंग चालू आहे का, हे दाराबाहेर जाऊन बघून आला. रविवार होता, रस्त्यावर एक बकरी होती. कॅमेऱ्यावरचा चिमुकला फ्लॅश खाली दाबून टाकला. सातव्यानंतर, ठप्प.

मग त्याने ती गोष्ट केली जी खरं तर आधीच करायला हवी होती. आठवा माणूस उठताच त्याने फ्लॅशच्या लाल डोळ्यावर तळहात ठेवला. पाच सेकंद झाले, दहा झाले, मिनिट झालं. काही नाही. हात काढला आणि ठप्प, थेट तोंडावर. बराच वेळ त्याला हिरवंजांभळं दिसत राहिलं.

फ्लॅश बिघडला असता तर झाकूनही पेटला असता. तो बिघडला नव्हता. त्याला काहीतरी दिसत होतं. आणि बटण दोनवर होतं, म्हणजे जे काही होतं ते एकदा नाही, दोनदा लुकलुकत होतं.

नवव्यानंतर तो फ्लॅश आणि सतरंजी यांच्या मध्ये उभा राहिला. ठप्प. दहाव्यानंतर फ्लॅश आणि दार यांच्या मध्ये. ठप्प. अकराव्यानंतर तो फ्लॅश आणि खुर्ची यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, खुर्चीकडे पाठ करून. लाल डोळा त्याच्या छातीसमोर होता आणि तो गप्प होता.

धर्मेंद्र तसाच उभा राहिला. पाठीमागे दोन हातांवर खुर्ची होती. लाकूड बारीक करकरलं. डिसेंबरात लाकूड करकरतं, हे त्याला माहीत होतं. त्याने हे स्वतःला दोनदा सांगितलं आणि वळून न बघता बाजूला झाला. ठप्प.

"बारा नंबर," प्रेमिलाने हाक मारली. "कौसल्यामाय, या."

कौसल्या म्हणजे कुसुमच्या शेजारची. दोघींनी चाळीस वर्षं एकाच ओट्यावर बसून तूर निवडली. आता डोळ्यांत मोतीबिंदू, चालणं भिंत धरून. प्रेमिलाने तिला खुर्चीपर्यंत आणून सोडलं. कौसल्याने हात पुढे करून खुर्ची चाचपली, आणि बसता बसता अगदी सहज म्हणाली, "सरक वं जराशी."

धर्मेंद्रच्या हातातला कॅमेरा तिथेच थांबला. "कोणाले म्हनलं, कौसल्यामाय?"

"कोणाले का म्हनन, बापू? सवय." ती तोंडभर हसली. "काढ लवकर. मायं झालं की दुसऱ्याइले बसू दे."

तिचा फोटो दिवसातला सगळ्यात चांगला आला. ती खुर्चीच्या एका कडेला बसली होती. दुसरी अर्धी जागा रिकामी सोडून.

५

चौदा झाले. प्रेमिलाच्या मावशीने साऱ्यांना वडाभात केला होता, त्या वासाने सतरंजी पाच मिनिटांत ओस पडली. "या लवकर," म्हणून प्रेमिलाही गेली. दुपारचे अडीच वाजले होते. समाजभवनात धर्मेंद्र, छत्री आणि खुर्ची. बाहेरून भांड्यांचा आणि देवरावांच्या हसण्याचा आवाज येत होता.

फ्लॅश आता पेटत नव्हता. मागे कुणी वाट बघत नव्हतं, कुणाला जागा द्यायची नव्हती. नुसतं शांत.

धर्मेंद्रला भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते दीड वर्षापासून होतं आणि ते भीतीपेक्षा जुनं आणि जड होतं. त्याने चिमुकला फ्लॅश वर काढला, बर्फीचा पुठ्ठा नीट केला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला.

रिकाम्या हवेवर कॅमेऱ्याचा फोकस बसत नसतो. तो मागच्या चादरीवर जाऊन थांबतो. धर्मेंद्रने बटण अर्धं दाबलं. भिंग पुढे गेलं, मागे आलं, चादरीवर थांबलं नाही. खुर्चीच्या पाठीपुढे वीतभर येऊन थांबलं आणि कॅमेऱ्याने बीप दिलं.

"माय," तो म्हणाला. "माय, आता मागं कोणी नाही. साऱ्याइचं झालं. आता तुयाच नंबर आहे."

खुर्ची खुर्चीसारखीच होती.

"अन् मिचकाव तू. जेवढे मिचकावायचे तेवढे मिचकाव. तुले कोणी बोलनार नाही."

त्याने बटण दाबलं. ठप्प. शिट्टी.

पडद्यावर खुर्ची आली, निळी चादर आली. खुर्चीत कुणी नव्हतं. फक्त खुर्चीच्या पाठीच्या जरा वर, ठेंगण्या बाईचं तोंड बसल्यावर जिथे येईल बरोबर तिथे, हवेत दोन पांढरे ठिपके होते. एकमेकांपासून दोन-अडीच बोटांवर. त्याने ते मोठे केले. भिंगावरची धूळ असेल, असं म्हणत मोठे केले. प्रत्येक ठिपक्यात छत्री होती. तिच्या काड्या मोजता येत होत्या. आणि छत्रीच्या बाजूला, मोहरीएवढा, कॅमेरा धरलेला एक माणूस.

धर्मेंद्र सतरंजीवर बसला आणि रडला, आणि रडता रडता त्याला हसूही आलं. माय शेवटी बसली होती. आणि तिचे डोळे उघडे आले होते.

६

डोळे पुसून त्याने आवरायला घेतलं. छत्री मिटायला हात घातला.

ठप्प.

त्याने खुर्चीकडे पाहिलं. "झाला ना, माय. चांगला आला. दाखवू का?"

शिट्टी पूर्ण झाली. ठप्प. आणि भरतो न भरतो तोच पुन्हा, अर्धवट उजेडाने, ठप्प.

त्याने छत्री सोडली. कॅमेरा उचलला, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही, आणि फोटो काढला. ठिपके होते. पण आता ते हातभर उंच होते, खुर्चीत ताठ बसलेल्या कुणा उंच माणसाचे असावेत तसे. त्याने पुन्हा काढला. ठिपके जवळ जवळ, एक नीट आणि एक पुसट, मोतीबिंदूवर उजेड पडला की दिसतो तसा. पुन्हा काढला. या वेळी खुर्चीवर काहीच दिसेना. मग दिसलं. खूप खाली, बैठकीला लागून, अगदी लहान लेकराच्या उंचीवर. ते दोन ठिपके सगळ्यांत मोठे होते.

कुठे काही चांगलं मिळत असलं की माय गल्लीभर सांगत फिरायची.

उजवीकडे सतरंजी होती. मघाशी म्हातारे उठून गेले तेव्हा ती कडेने गोळा झाली होती, आत्ता ती नीट सपाट अंथरलेली होती, आणि ठिकठिकाणी थोडी दबलेली. धर्मेंद्रने तिच्याकडे जास्त वेळ पाहिलं नाही. त्याने खुर्ची थोडी सरळ केली. मग त्याने हाताने बसा अशी खूण केली. ठप्प झालं, पण ते आता अगदी क्षीण होतं, आणि शिट्टी लांबतच चालली होती.

प्रेमिला हात पुसत दारात आली. "अवो, जेवता की नाही? वडाभात थंडा होऊन राहिला. अन् कोणाचा फोटो काढून राहिले आता? सारे तं तिकडे जेवून राहिले."

"प्रेमिला," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे वळून पाहिलं नाही, कारण खुर्चीतल्याचं लक्ष विचलित झालं असतं. "चौकातल्या दुकानातून सेल आन वं."

"किती?"

धर्मेंद्रने एकदा सतरंजीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"असन तेवढे सारेच आन," तो म्हणाला.